वडील गेले नऊ वर्षांपूर्वी, नोटीस आली गेल्या महिन्यात

वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार.

आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. दोघे भाऊ, एक बहीण. बहीण चंदगडला दिली आहे. शेत अजून वडिलांच्याच नावावर आहे. ते जाऊन नऊ वर्षं झाली, वारसा करायचा करायचा म्हणत राहून गेला. गेल्या महिन्याच्या २६ तारखेला एक माणूस मोटरसायकलवरून आला. आम्ही दोघंही कामावर होतो. शेजारच्या हिश्श्यात चुलत काकू भांगलत होत्या. त्यांच्या हातात कागद दिला, एका कागदावर सही घेतली आणि गेला. नोटीस पूर्ण कन्नडमध्ये आहे आणि वडिलांच्या नावची आहे. नव्या जोडरस्त्यासाठी स. नं. ८४/३ पैकी १ एकर १२ गुंठे जाणार असं त्यात आहे. आमचा हिस्सा ८४/३अ, उताऱ्यावर ३८ गुंठे. नोटिशीवर १२ तारीख आहे आणि येत्या १७ ला हजर राहायला सांगितलंय. गावात म्हणतात, 'मेलेल्या माणसाच्या नावची नोटीस, त्यात कन्नडमधली, ती चालतच नाही, परत पाठवा.' एकजण म्हणतो, 'संमतीवर सह्या करा, वाढवून मिळवून देतो.' ही नोटीस कायद्यानं धरली जाते का? आम्ही गेलो नाही तर काय होईल? फोटो पाठवला आहे.

– एक वाचक, बेळगाव तालुका

*

१७ तारखेला जा. दोघंही जा.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा १७ ला नऊ दिवस होते. हे छापून येईपर्यंत ती तारीख उलटून जाणार, म्हणून एवढं वाक्य तुम्हाला फोनवर आधीच सांगून टाकलं. कारणं आता सावकाश सांगतो. असे कागद तालुक्यात आणखी बऱ्याच घरांत टीव्हीच्या मागं खोचून ठेवलेले असणार, त्यांच्याही ते कामाला येईल.

आधी तुमचा कागद वाचू. गावात त्यावर एवढी चर्चा झाली, पण तो कुणी नीट वाचलाय असं दिसत नाही. कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका, त्यातले निम्मे शब्द आपलेच आहेत. 'हिस्सा', 'खातेदार', 'गुंटे', 'आकारबंद', 'खराब' हे शब्द मुंबई इलाख्यापासून मराठी आणि कन्नड, दोन्हीकडच्या दप्तरात आहेत. कर्नाटकाच्या सर्व्हे खात्याच्या संगणक प्रणालीचं नावसुद्धा 'मोजिणी' आहे. उरलेले चार शब्द पाठ करून ठेवा. 'भूस्वाधीन' म्हणजे भूसंपादन. 'परिहार' म्हणजे भरपाई. 'आक्षेपणे' म्हणजे हरकत. आणि 'उल्लेख' म्हणजे संदर्भ. हा शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याकडे नंतर येतो. आकडे कन्नड असतील तर सहा आणि नऊ दोनदा तपासा. नवख्या डोळ्याला ते सारखेच वाटतात.

तुमच्या फोटोत मध्यावर 'कलं २१(४)' असं स्पष्ट दिसतं आणि त्याच्या वर २०१३ चा कायदा लिहिलाय. हा १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला भूसंपादन कायदा. १८९४ चा इंग्रजांचा कायदा त्यानं रद्द केला.

इथं मला एक वाईट बातमी द्यावी लागते. गावाला वाटतंय की ही पहिली नोटीस. ती तशी नाही. घरी हातात पडणारा पहिला कागद असेल, पण कायद्याच्या हिशेबात तुम्ही तिसऱ्या मुक्कामावर आहात. पहिला मुक्काम कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना. ती निघाल्यापासून ६० दिवसांत कलम १५ खाली हरकत घेता येते: जमीन योग्य आहे का, एवढी हवी का, काम खरंच सार्वजनिक हिताचं आहे का. 'आमची जमीन घेऊच नका' हे म्हणायची जागा ती. त्यावर सुनावणी, जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल, सरकारचा निर्णय. मग कलम १९ ची घोषणा, हा दुसरा मुक्काम. कलम २१ त्याच्यानंतरचं. तुमच्या हातातला कागद जमीन घ्यायची की नाही हे विचारत नाही. तुमचा त्यात हक्क काय, मोजणी मान्य आहे का, भरपाई किती मागता, एवढंच तो विचारतो.

मग ते ६० दिवस कुठं गेले? कलम ११ ची अधिसूचना प्रत्येकाच्या दारात आणून देण्याचं बंधन कायद्यात नाही, तिथंच बहुतेक लोक फसतात. ती प्रसिद्ध करायची असते. राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, सरकारच्या संकेतस्थळावर, आणि ग्रामपंचायत, तहसील, प्रांत नि जिल्हाधिकारी कचेरीत. शिवाय त्याच कामासाठी ग्रामसभा बोलावून मजकूर सांगायचा असतो. ही ग्रामसभा तुमच्या गावात झाली होती का? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मला शंका येते. पंचायतीच्या ठराव-बुकात त्या महिन्यांत काय लिहिलंय ते पाहा. बुकाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. गावपातळीवरची प्रसिद्धी ही नुसती शोभा नाही, ती टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच खूबचंद विरुद्ध राजस्थान या खटल्यात सांगितलंय. तो जुन्या धाटणीच्या कायद्यावरचा निकाल आहे, पण मुद्दा अजून वापरला जातो. तुमच्या नोटिशीत वडिलांचं नाव आहे की तुमचं, यापेक्षा चावडीवर कागद लागला होता की नाही हा प्रश्न कितीतरी जड आहे.

आता कन्नडचं. मी मराठी माणूस, बेळगावात आयुष्य गेलं. मराठीत कागदपत्रं द्या म्हणून मोर्चे निघाले, त्यात मीही चाललोय. पण वकील म्हणून तुम्हाला खोटा धीर देणार नाही. नोटीस फक्त कन्नडमध्ये आहे एवढ्यावरून ती रद्द होत नाही. १९६३ च्या कायद्यानं कन्नड ही या राज्याची राजभाषा आहे आणि कलम २१ ची नोटीस अमुक भाषेतच हवी असं त्या कलमात म्हटलेलं नाही.

मुद्दा आहे तो कलम ११ मध्ये. तिथं दोन जागी दोन वेगळे शब्द आहेत. दैनिकासाठी 'प्रादेशिक भाषा' आणि पंचायतीतल्या, कचेरीतल्या प्रसिद्धीसाठी 'स्थानिक भाषा'. दोन्हींचा अर्थ एकच असता तर संसदेनं दोन शब्द कशाला वापरले असते? ज्या गावात घराघरांत मराठी आहे, पंचायतीची चर्चा मराठीत होते, त्या गावची स्थानिक भाषा कुठली, हा युक्तिवाद करण्याजोगा आहे. करावा असंच मी म्हणेन. पण सगळी भिस्त त्यावर ठेवून घरी बसू नका. हा मुद्दा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर चांगला, पहिल्या क्रमांकावर लंगडा.

उलट बाजूनं मात्र तुमचा हक्क पक्का आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडं तक्रार मांडता येते. तुमचं म्हणणं मराठीत द्या, 'कन्नडमध्ये आणा' म्हणून कुणी परत पाठवलं तर या कलमाचा आकडा सांगा. आणि मग तडजोड म्हणून कन्नड भाषांतरही मागं टाचा. तत्त्व राखायला मराठी, काम व्हायला कन्नड. टेबलामागच्या कारकुनानं वाचलंच नाही तर तत्त्व फायलीतच राहतं.

मेलेल्या माणसाच्या नावची नोटीस हा तुमचा दुसरा प्रश्न. सरकारी बाजूचा वकील १९९७ चा एक निकाल पुढं करेल, पश्चिम बंगाल हाउसिंग बोर्डाचा. त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की अधिकाऱ्यानं दप्तरात ज्याचं नाव आहे त्याला नोटीस द्यावी, खरा मालक शोधत गावभर फिरणं त्याचं काम नाही. आणि तुम्ही नऊ वर्षं वारसा केला नाहीत. हे तुमच्या अंगावर येणार.

त्याला उत्तर आहे, आणि ते २०१३ च्या कायद्यातच आहे. कलम ११ च्या पाचव्या पोटकलमात जिल्हाधिकाऱ्यांवर एक काम टाकलंय: प्राथमिक अधिसूचनेनंतर, घोषणेच्या आधी, दोन महिन्यांत जमिनीचं दप्तर अद्ययावत करून घ्यायचं. १८९४ च्या कायद्यात असं काही नव्हतं. म्हणजे वारसा राहिला ही तुमची चूक खरी, पण घोषणा काढायच्या आधी मयत खातेदाराचं नाव तसंच राहू देणं ही त्यांचीही चूक. दप्तर अद्ययावत केल्याचा कागद मागा. केलेलं असेल तर तुमचे वडील त्यात जिवंत कसे, हे विचारा. केलेलं नसेल तर तेच लिहून घ्या.

वारशाचा अर्ज मात्र उद्याच द्या. मृत्यूचा दाखला, वंशावळ, तिघांची आधार कार्डं. तिघांची म्हणतोय, दोघांची नव्हे. तुमच्या पत्राचा सूर मला दोन भावांचा वाटला. बहीण वारस आहे, तिचं नाव गाळून अर्ज द्याल तर भरपाईच्या वेळी तुमच्याच घरातला वाद भूसंपादन प्राधिकरणासमोर जाईल आणि पैसे तिथं जमा होऊन पडतील. आणि बहिणीचा एक फायदा तुमच्या ध्यानात आलेला नाही. ती चंदगडला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात राहते. हितसंबंधी माणूस जिल्ह्याबाहेर राहत असेल तर कलम २१(५) प्रमाणं त्याला शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर टपालानं नोटीस जायला हवी, शिवाय दोन राष्ट्रीय दैनिकांत आणि संकेतस्थळावर प्रसिद्धी व्हायला हवी. तिचं नाव दप्तरात नाही म्हणून ते केलं नाही असं उत्तर येईल. तरी १७ ला तिचा पत्ता लेखी द्या, म्हणजे इथून पुढं 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

आता खरी गंमत. तुमच्या पत्रावरून दिसतं की नोटिशीत हिस्सा चुकला, ८४/३अ च्या जागी ८४/३ पडलाय. मीही आधी टायपिंगची चूक म्हणून सोडून देणार होतो. मग आकडे मांडले. १ एकर १२ गुंठे म्हणजे ५२ गुंठे. तुमच्या उताऱ्यावर आहेत ३८. सगळं शेत दिलं तरी १४ गुंठे कमी पडतात. ते कुणाचे?

शेजारच्या हिश्श्यात काकू भांगलत होत्या. तो बहुधा ८४/३ब असणार.

माझा अंदाज असा, की कचेरीनं पोटहिस्सा पडण्याच्या आधीचा नकाशा समोर ठेवलाय आणि दोन घरांची जमीन एका मयत माणसाच्या नावावर धरलीय. असं असेल तर काकू या नुसत्या कागद घेणाऱ्या बाई नाहीत, त्याही हितसंबंधी आहेत आणि त्यांच्या नावची वेगळी नोटीस निघायला हवी होती. हे आत्ताच सोडवलं नाही तर ५२ गुंठ्यांची भरपाई तुमच्या वडिलांच्या नावावर बसेल, आणि चुलत घराशी तुमची कोर्टकचेरी सुरू होईल, सरकार बाजूला उभं राहून बघेल. कलम २१ मध्ये मोजणीवर हरकत घ्यायची स्पष्ट सोय आहे. सर्व्हे खात्यातून आकारबंद आणि पोटहिश्श्याचं टिपण यांच्या नकला काढा, काकूंना सोबत घ्या, आणि दोन्ही घरांच्या सह्यांची एकच हरकत द्या. अधिसूचनेत जमिनीचं वर्णन असं हवं की आपली जमीन त्यात आहे की नाही हे माणसाला कळावं. २००५ च्या बरानगर जूट फॅक्टरीच्या खटल्यात महामार्गाच्या अधिसूचनेला सर्वोच्च न्यायालयानं याच कारणासाठी दोष दिला होता. पण तोवर रस्ता होऊन गेला होता, म्हणून जमीन परत मिळाली नाही, भरपाईची तारीख तेवढी पुढं सरकली. चूक दाखवायला उशीर झाला की निकाल जिंकूनही हाती काय येतं, ते यातून बघा.

आणि नोटीस परत पाठवायचं म्हणाल तर माझ्या मामांची गोष्ट सांगतो. खानापूर तालुक्यातलं शेत. मामांनी रजिस्टर पत्र घेतलंच नाही, पोस्टमनला चहा पाजला आणि परत लावला. घरात मोठेपणानं सांगायचे, 'घेतलंच नाही तर लागू कसं होईल?' लखोट्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला. पुढं तोच लखोटा कोर्टात आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून आला, कारण नकार म्हणजे कायद्याच्या नजरेत बजावणीच. मामी आजही चहाचा विषय निघाला की मामांच्या फोटोकडं बघतात. मी तेव्हा शिकत होतो. फाईल वाचल्यावर कळलं की नोटिशीत गटाचा आकडा चुकला होता, आणि तो मुद्दा वेळेत मांडायला कुणी नव्हतं.

काकूंच्या हातात दिलेली नोटीस बजावली गेली असं धरतात का, हेही लोक विचारतात. १८९४ च्या कायद्यात माणूस सापडला नाही तर घरातल्या 'प्रौढ पुरुषाला' द्यावी असं होतं, बायकांना मोजतच नव्हते. २०१३ च्या कायद्यानं पुरुष शब्द काढला, सोबत राहणारा घरातला कुणीही प्रौढ चालतो. काकू तुमच्यासोबत राहत नाहीत, चूल वेगळी. तेव्हा हरकतीत लिहा की नोटीस तुमच्या कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला २६ तारखेला दिली गेली. पण नोटीस तुम्हाला कळली आहे, हे तुम्ही पत्र लिहून स्वतःच सिद्ध केलंय. कोर्ट विचारतं की यानं तुमचं नुकसान काय झालं. हजर राहायची तारीख जाहीर नोटिशीपासून किमान ३० दिवसांनंतरची हवी, हे मात्र मोजा. १२ पासून १७ म्हणजे पस्तीस-छत्तीस दिवस, वरवर पाहता बसतं. पण कागदावर घातलेली तारीख आणि शेताजवळ किंवा संकेतस्थळावर जाहीर नोटीस लागल्याची तारीख एकच असते असं नाही. ती जर नंतरची निघाली तर हिशेब बदलतो. शेताच्या आसपास, बसथांब्यावर, देवळाच्या भिंतीवर कुणी असा कागद पाहिलाय का?

१७ ला काय करायचं ते थोडक्यात. म्हणणं लेखी न्या, तोंडी बोलून येऊ नका. सुरुवातीलाच लिहा की 'कलम ११ आणि १९ खालील कारवाईवरचे आमचे सर्व आक्षेप राखून' हजर आहोत, म्हणजे हजर राहिलात म्हणून सगळं कबूल केलंत असं कुणी म्हणणार नाही. वडिलांचा मृत्यू, तिघं वारस, बहिणीचा पत्ता, हिश्श्याची चूक, १४ गुंठ्यांचा प्रश्न, विहीर, झाडं, पाइपलाइन, बांध, सगळं नोंदवा. झाडं मोजून न्या. फणस, आंबा, काजू वेगवेगळे लिहा, नुसतं 'फळझाडे' लिहू नका. दोन प्रती करा, एक टप्पालमध्ये, म्हणजे कचेरीच्या आवक टेबलावर, द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका. 'साहेब नाहीत, नंतर शिक्का मारून देतो' म्हणाले तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवा.

संमतीवर सही मागणाऱ्याला चहा पाजा, सही देऊ नका. वारसा झालेला नाही, क्षेत्र ठरलेलं नाही, आणि संमती दिली की पुढं वाढीव भरपाई मागायची वाट बंद होते. भरपाईचे पैसे कधी घेतलेच तर 'निषेध नोंदवून स्वीकारले' असं लिहूनच घ्या, नाहीतर कलम ६४ खाली वाढीव मागता येत नाही. निवाड्यानंतरच्या, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशानंतरच्या, त्या अर्जालाही मुदत आहे: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. निवाडा झाल्याचं कळवतानाच त्याची नक्कलही मागा. २०१२ च्या प्रेमजी नाथू खटल्यात जुन्या कायद्याखालीसुद्धा नक्कल मिळाल्याशिवाय मुदत मोजायची नाही असं ठरलंय.

ज्यांच्या हातात दुसऱ्या कायद्याचे कागद आहेत त्यांनी माझे ६० दिवस स्वतःला लावून घेऊ नयेत. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा कायदा लागतो, तिथं कलम ३ए च्या प्रसिद्धीपासून हरकतीला फक्त २१ दिवस. बेळगावजवळच्या हलगा–मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांना हे कुणी शिकवायला नको. औद्योगिक क्षेत्रासाठी कर्नाटकाचा १९६६ चा कायदा, त्यात कलम २८(२) ची नोटीस हातात पडल्यापासून ३० दिवस. त्या कायद्यात निवाड्याला १८९४ च्या कायद्यातली दोन वर्षांची मुदत लागू होत नाही, हे २०११ मध्ये ठरून गेलंय. मात्र भरपाईला वर्षानुवर्षं उशीर झाला तर बाजारभाव पुढच्या तारखेचा धरावा असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बंगळूर–म्हैसूर मार्गाच्या जमिनींबाबत सांगितलं. कर्नाटकानं २०१९ मध्ये २०१३ च्या कायद्यातही दुरुस्ती करून काही प्रकल्प सामाजिक परिणाम अभ्यासातून वगळायची सोय करून घेतलीय, तेव्हा 'अभ्यास झालाच नाही' हा मुद्दा मांडण्याआधी तुमचा रस्ता त्या यादीत बसतो का ते बघावं लागेल.

कोर्टात जायची वेळ आलीच तर अधिसूचनेला आव्हान बेळगावच्या दिवाणी कोर्टात नव्हे, धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात. नोटीस मिळणं आणि म्हणणं ऐकून घेतलं जाणं हे मालमत्तेच्या घटनात्मक हक्काचेच भाग आहेत, हे मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ शब्दांत सांगितलंय. धारवाडला ताबा जायच्या आधी गेलात तर ऐकतात, रस्त्यावर डांबर पडल्यावर गेलात तर 'इतके दिवस कुठं होता' विचारतात.

पण धारवाडला जायचं की नाही हे मला तुमच्या एका कोपऱ्यावरून ठरवायचंय. नोटिशीच्या वरच्या बाजूला 'उल्लेख' असं लिहून दोन ओळी आहेत. पहिलीत कलम ११(१) च्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, दुसरीत कलम १९(१) च्या घोषणेची. या दोन तारखांत १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर असेल, मध्ये कोर्टाची स्थगिती नसेल आणि सरकारनं कारणं लिहून, प्रसिद्ध करून मुदत वाढवली नसेल, तर कलम १९(७) प्रमाणं ती पहिली अधिसूचनाच रद्द झाल्यासारखी होते. मग कन्नड, मयत खातेदार, चुकलेला हिस्सा यांतलं काहीच पहिल्यांदा मांडायची गरज उरत नाही. घोषणेनंतर निवाड्यालाही १२ महिन्यांचीच मुदत आहे, तीही या दुसऱ्या तारखेवरून मोजता येईल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसरी ओळ पूर्ण आहे. पहिलीचं वर्ष दिसतं, दिवस आणि महिना घडीत गेलाय. कागद टेबलावर पसरून, घडी बोटानं सरळ करून, तेवढ्या कोपऱ्याचा फोटो पुन्हा पाठवा. आणि काकूंना विचारा, त्यांनी सही केलेल्या कागदावर तारीख आधीच घातलेली होती की जागा कोरी होती.